वेस्टीज आतूनच फुटली
वर कुणीतरी विचारलंय की जुना दोस्त म्हणून आयरिश गँगमध्ये परत घुसणारा डिटेक्टिव्ह खरंच शक्य आहे का. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातली वेस्टीज ही आयरिश टोळी बघा, सगळे एकाच वस्तीतले, बाहेरच्याला कोण जवळ करणार, म्हणून ती फुटली आतल्याच माणसामुळे. टोळीतल्या मिकी फेदरस्टोनला १९८६ मध्ये त्याने न केलेल्या खुनात दोषी ठरवलं, मग तो टोळीवर उलटला, त्याने आणि बायकोने साथीदारांचं बोलणं चोरून टेप केलं आणि तो निकाल रद्द झाला. पुढे त्याने साक्ष दिली, टोळीचा म्होरक्या जिमी कूननला १९८८ मध्ये ६० वर्षांची कैद झाली. मला फेदरस्टोनची बायकोच जास्त धाडसी वाटते, प्रेताचे तुकडे करून गायब करणारी माणसं ती, त्यांचं बोलणं लपून रेकॉर्ड करायचं म्हणजे केवढी हिंमत लागत असेल!