प्रोटोटाइपची एकच कॉपीबुक, की प्रत्येक सर्व्हिस प्रोग्रामला वेगळी?

बाइंडरवाला:
परवा इथे कोणीतरी नवीन मुलांना सल्ला दिला: आरपीजीत (आयबीएम आय मशीनवरची प्रोग्रामिंग भाषा) सगळ्या प्रोसिजरचे प्रोटोटाइप, म्हणजे प्रोसिजरचं नाव आणि पॅरामीटर सांगणाऱ्या ओळी, एकाच सोर्स मेंबरमध्ये, म्हणजे कॉपीबुकमध्ये टाका, प्रत्येक प्रोग्राममध्ये वर एक स्लॅश कॉपी (मेंबर आत ओढणारी ओळ) मारा, विषय संपला. खाली शाबासक्याही पडल्या. म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या मेंबरमधल्या एका पॅरामीटरची लांबी बदला. चेंज मॅनेजमेंटचं टूल तो मेंबर ओढणारा प्रत्येक प्रोग्राम रिकंपाइलच्या यादीत टाकतं. बदलली व्याजाची प्रोसिजर, आणि यादीत गोदाम, पगार, जीएसटी सगळे. एवढी लांब यादी कोणी तपासत नाही, नुसती पुढे ढकलतात.

माझी पद्धत: एक सर्व्हिस प्रोग्राम (अनेक प्रोग्रामांना लागणाऱ्या प्रोसिजरचा गठ्ठा), एक प्रोटोटाइप मेंबर, दोघांचं नाव तेच. आणि प्रोसिजर ज्या मॉड्यूलमध्ये लिहिली आहे, त्यातही तोच मेंबर ओढायचा. तेव्हाच कंपायलर प्रोटोटाइप आणि प्रोसिजर इंटरफेस (प्रोसिजरमध्येच लिहिलेले पॅरामीटर) ताडून बघतो. त्या सल्ल्यात याबद्दल अवाक्षर नव्हतं.

हिरवा पडदा:
सल्ला माझाच होता. न वापरलेल्या प्रोटोटाइपने ऑब्जेक्ट (कंपाइल होऊन बनलेला प्रोग्राम) फुगत नाही, कंपाइलच्या लिस्टिंगची अडचण असेल तर 'नोशोकॉपी' ऑप्शन आहे. मेंबरचं नाव १० अक्षरांत बसवायचं. तुमच्या पद्धतीने शे-दीडशे मेंबर झाले की तारखेची प्रोसिजर कुठल्या आद्याक्षरांखाली दडली आहे ते नवीन मुलाने कसं शोधायचं? माझ्याकडे एकच दार आहे.

रात्रपाळी:
दार एक असून लोक त्यातून जात नाहीत, हा माझा अनुभव. विम्याचं काम होतं. हप्त्याची रक्कम ७ अंकी पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह), २ दशांश. एक लाखाच्या वरचे हप्ते आले म्हणून प्रोसिजरमध्ये ९ अंकी केली. एका जुन्या प्रोग्राममध्ये कोणीतरी प्रोटोटाइप हाताने टंकलेला, तो ७ वरच राहिला. कंपाइल झालं, सर्व्हिस प्रोग्रामशी बाइंडही (जोडणीही) झालं. सर्व्हिस प्रोग्रामची सिग्नेचर (जोडणी जुळते का ते पाहायची खूण) एक्स्पोर्टची, म्हणजे बाहेरच्यांना खुल्या प्रोसिजरची, नावं आणि क्रम यांवरून ठरते, पॅरामीटर ती बघतच नाही. प्रोसिजरने ४ बाइटच्या जागेत ५ बाइट लिहिले, चिन्हाचा अर्धा बाइट शेजारच्या व्हेरिएबलमध्ये गेला, आणि कॉलरने रक्कम वाचताच डेसिमल डेटा एरर. जॉब पहाटेपर्यंत एमएसजीडब्ल्यूमध्ये (मेसेजच्या उत्तराची वाट बघत) लटकलेला आणि फोन मला.

हिरवा पडदा:
वाईट झालं, पण हा दोष हाताने टंकण्याचा आहे. माझी एक कॉपीबुक वापरली असती तरी वाचला असतात.

बाइंडरवाला:
तेवढं मान्य करावं लागेल. पण लोक हाताने का टंकतात? मोठ्या मेंबरला हात लावला की ती यादी मागे लागते म्हणून.

सेव्हनपॉइंटवन:
आयबीएम आयच्या ७.१ व्हर्जनपासून त्याच मॉड्यूलमधल्या प्रोसिजरला प्रोटोटाइप लागत नाही. लोकांनी ते एक्स्पोर्ट प्रोसिजरलाही लावून टाकलं, म्हणजे ताडून बघणं संपलं. 'आरईक्यूपीआरईएक्सपी' हा कंट्रोल कीवर्ड सक्तीचा करा, कंपायलर स्वतः अडवतो. आणि शोधण्याचं दुःख फक्त एसईयूवाल्यांना (हिरव्या पडद्यावरचा जुना एडिटर) आहे. व्हीएस कोडमध्ये नावावर कर्सर नेला की पॅरामीटर दिसतात.

हिरवा पडदा:
आमच्या क्लायंटकडे ५२५० (हिरव्या पडद्याचं टर्मिनल) सोडून काही उघडता येत नाही. मी निवडलेलं नाही ते. ज्यांना मोकळं मशीन मिळतं त्यांनी आम्हाला शिकवू नये.

सेव्हनपॉइंटवन:
एसईयूचा सिंटॅक्स चेकर ६.१ नंतर सुधारलेलाच नाही. डीसीएल-पीआर (प्रोटोटाइप लिहायची नवी, मोकळी पद्धत) लिहिलं की लाल ओळी. त्या टाळायला तुम्ही नवीन कोडही डी स्पेकमध्ये (ठरलेल्या कॉलमांच्या जुन्या पद्धतीत) लिहिता, आणि मग आमच्यासारख्यांना आरपीजी म्हणजे म्हाताऱ्यांची भाषा असं कॉलेजात ऐकावं लागतं. राग येतो तो याचा.

हिरवा पडदा:
त्याच डी स्पेकवर बँका चालतात. तुमचा पगारही.

रात्रपाळी:
पगार काढू नका. पुण्यात माझ्या टीममध्ये दोघं पंचविशीचे आहेत, एसईयू बघून दोघंही जावा भाषेकडे जायचं म्हणतात. एडिटर देत नाहीत आणि माणसं मिळत नाहीत म्हणून रडतात.

सेव्हनपॉइंटवन:
हेच म्हणतोय मी! क्लायंटला लेखी मागा ना. न मागता "मिळत नाही" किती वर्षं?

हिरवा पडदा:
मागितलंय. सिक्युरिटीवाल्यांनी फेटाळलं. आता पुरे.

मूळ मुद्द्यावर: सर्व्हिस प्रोग्रामप्रमाणे मेंबर फोडायला माझी तयारी आहे, मनापासून नाही पण आहे. वर एक मेंबर मात्र ठेवणार, ज्यात या सगळ्यांच्या स्लॅश कॉपी. नवीन मुलाला दार एकच.

बाइंडरवाला:
तुमचे निम्मे प्रोग्राम एसक्यूएलआरपीजीएलई (आत एसक्यूएल लिहिलेले आरपीजी) असतील. कंपायलरच्या आधी चालणारा एसक्यूएलचा प्रीकंपायलर डीफॉल्टवर कॉपीच्या आतली कॉपी घेत नाही, तिथेच आपटाल. तो वरचा मेंबर ओढायचाच झाला तर स्लॅश इन्क्लूडने ओढा. प्रीकंपायलर त्याला हात लावत नाही, पुढे कंपायलर बघून घेतो. होस्ट व्हेरिएबल (एसक्यूएलमध्ये वापरलेली आरपीजीची व्हेरिएबल) म्हणून लागणारी डेटा स्ट्रक्चर्स मात्र त्यात घालू नका, ती प्रीकंपायलरला दिसायला हवीत, ती थेट स्लॅश कॉपीने. त्यापेक्षा वरचा मेंबर फक्त वाचायला असू द्या. प्रोग्रामांनी तो ओढला की तीच रिकंपाइलची यादी परत दारात.

हिरवा पडदा:
वाचायला ठेवतो. ओढणारे ओढतील, त्यांना तुम्हीच अडवा.