६ इंची पुरणपोळी २५ रुपयांना, मग ९ इंची कितीला?

पुरणाचा_उंडा:
मी घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. माझी पोळी ६ इंची, २५ रुपयांना. कणीक, हरभराडाळ, गूळ, तूप, गॅस धरून खर्च १२, उरलेले १३ माझे. होळीला एका ताईंना ६० पोळ्या हव्यात, पण ९ इंची. पानात शोभून दिसते म्हणे. ९ म्हणजे ६ ची दीडपट, म्हणून ३८ सांगणार होते. आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "बुडशील." का, ते सांगेनात. शब्द अजून दिलेला नाही. कोणी समजावेल का?

दिवेलागण:
२५ ची दीडपट साडेसदतीस. ३८ बरोबरच आहे की!

खडू_आणि_डस्टर:
नाही हो. दीडपट झाला तो व्यास. पोळी आडवी वाढते तशी उभीही वाढते, म्हणून दीडची दीडपट, सव्वादोन. क्षेत्रफळाच्या सूत्रातला पाय (π) काढायचीसुद्धा गरज नाही, तो दोन्हीकडे सारखाच, उडून जातो. ६ चा वर्ग ३६, ९ चा ८१. जाडी तीच ठेवलीत तर १२ चा खर्च २७ होणार. ३८ घेतलेत तर हातात ११. लहान पोळीपेक्षा २ रुपये कमी! वर्गात मुलं सूत्र बिनचूक लिहायची आणि बाहेर व्यासावरच भाव करायची.

लोखंडी_तवा:
सरांचं बरोबर, पण काठाला अर्धा इंच पुरण पोचत नाही असं धरा. मग पुरणाची वर्तुळं ५ आणि ८ इंची. २५ ला ६४, म्हणजे अडीचपटीच्या वर. आणि महाग तर पुरणच. शिवाय तवा मोठा लागेल, नाहीतर काठ कच्चे. उलटताना एक फाटली की सव्वादोन पोळ्या गेल्या समजा.

पुरणाचा_उंडा:
आज एकेक लाटून तोलली. लहान ६० ग्रॅम, मोठी १४०. हिशोबाने १३५ हवी होती, जरा जाड राहिली. सव्वादोनपटीने ५६ होतात, पण लाटायचे कष्ट काही तेवढे वाढत नाहीत, म्हणून ताईंना ५० सांगितले. त्या म्हणाल्या, "मग लहानच दे, पानात दोन-दोन वाढू." दोन लहान मिळून ७२, एक मोठी ८१, पैसे तेच ५०. हे मी काही बोलले नाही. आता १२० लाटायच्यात.