अकागेराला जाताय? अनुभव आणि माहिती इथे लिहा

मसाई मारा, सेरेंगेटी, क्रूगर यांबद्दल मराठीत वाचायला पुष्कळ मिळतं. एकदा उजाड झालेली आणि नंतर जिद्दीने पुन्हा वसवलेली जंगलं मात्र आपल्या लोकांच्या यादीत क्वचितच असतात. सुरुवात रवांडातल्या अकागेरापासून करू.

थोडी पार्श्वभूमी. १९३४ मध्ये बेल्जियन राजवटीत हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा क्षेत्र २५०० चौरस किलोमीटरच्या वर होतं. १९९४ च्या वंशसंहारानंतर गुराढोरांसकट परतलेल्या निर्वासितांना जमीन हवी होती. १९९७ मध्ये हद्द आखडली आणि साधारण ११२० चौ. किमी. उरलं. गुरं मारतात म्हणून सिंहांना विष घातलं गेलं, ते संपले. काळे गेंडे शिकारीत गेले, शेवटचा २००७ मध्ये दिसला. २०१० पासून रवांडा डेव्हलपमेंट बोर्ड आणि आफ्रिकन पार्क्स ही संस्था मिळून उद्यान चालवतात. आधी गस्त आणि कुंपण, मग प्राणी, असा क्रम त्यांनी ठेवला. पश्चिम हद्दीवरचं १२० किमी लांबीचं, सौरऊर्जेवर चालणारं विद्युत कुंपण २०१३ मध्ये पुरं झालं. दक्षिण आफ्रिकेतून ७ सिंह २०१५ मध्ये आले, २ नर २०१७ मध्ये. आज ते पन्नासच्या वर आहेत. काळे गेंडे २०१७ मध्ये १८ आणि २०१९ मध्ये युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतून ५. पांढरे गेंडे २०२१ मध्ये ३०, २०२५ मध्ये आणखी ७०.

एवढं सगळं असूनही इथे माराची गर्दी नाही, ना प्राण्यांची ना गाड्यांची. प्राणी कुठे असतात आणि का, हे आधी माहीत नसेल तर दिवस झुडपं बघण्यात जातो. म्हणून प्रवासवर्णन नको; रस्ता, वेळ, तयारी, आणि काय बिघडतं ते लिहा.

किगालीत राहणारे, स्वतः गाडी चालवणारे

किगाली – र्वामागाना – कायोंझा – काबारोंडो हा रस्ता उत्तम डांबरी आहे. काबारोंडोला मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळायचं, पुढे पाऊण-एक तास कच्चा रस्ता, मग दक्षिणेचं कियोंझा गेट. एकूण अडीच तास धरा. प्रवेश फक्त याच गेटने. बाहेर पडता येतं दोन्हीकडून, इथून किंवा उत्तरेच्या न्यूंग्वे गेटने. (न्यूंग्वे नावाचं पर्जन्यवन देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. नकाशात नुसतं नाव टाकलंत तर तो तिकडेच नेतो.)

रवांडात गाडी उजव्या बाजूने चालवतात. आपल्याकडून आलेल्याचा हात चुकतो तो मोकळ्या रस्त्यावर नव्हे, तर पंपावरून किंवा हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडताना आणि चौकातल्या गोल वळणावर. वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत आणि गाव लागलं की मर्यादा ६० वरून ४० वर येते. पाटी दिसताच पाय काढा, दंड भाड्याच्या गाडीच्या बिलात येतो.

महिन्याचा शेवटचा शनिवार असेल तर सकाळी ८ ते ११ उमुगांडा असतो, म्हणजे देशभर सामूहिक श्रमदान. त्या वेळात रस्त्यावर गाड्या जवळपास बंद असतात. एक तर पहाटे पाचला निघा, नाहीतर शुक्रवारीच उद्यानाजवळ मुक्काम करा.

उद्यानात पेट्रोल मिळत नाही. कायोंझाला टाकी पूर्ण भरा, अर्ध्या टाकीवर आत जाऊ नका. दक्षिण ते उत्तर अंतर किलोमीटरमध्ये फार वाटत नाही, पण कच्च्या रस्त्यावर थांबत-थांबत, कमी गिअरमध्ये, एसी लावून चालताना इंधन अंदाजापेक्षा बरंच जास्त लागतं.

गाडी कुठली हवी? आणि आत रस्ता कसा आखायचा?

जून ते सप्टेंबर कोरडे महिने. तेव्हा उंच चाकांची साधी एसयूव्हीही मुख्य रस्त्याने निघते. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात मात्र फोर बाय फोरच. तळ्यांलगतची माती ओली झाली की चाकाच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो आणि गाडी उताराच्या दिशेने आडवी सरकायला लागते. अशा वेळी ब्रेक दाबला की ती आणखी सरकते. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, स्टिअरिंगला हिसका नाही. निघताना सुट्या चाकातली हवा, जॅक आणि पाना स्वतः बघून घ्या. जॅक मऊ मातीत रुतू नये म्हणून खाली ठेवायला एक फळकुट बरोबर असू द्या. फोनला सगळीकडे रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

आता रस्ता. उद्यान दक्षिणोत्तर लांबट आहे. पूर्वेला तळ्यांची रांग आणि पपायरस या उंच लव्हाळ्याची दलदल, त्यापलीकडे टांझानिया. दक्षिणेला दाट बाभूळवन आहे. तिथे इंपाला आणि बुशबक ही हरणं, बबून माकडं दिसतात, पण झाडीमुळे दहा-वीस मीटरपलीकडे नजर जात नाही. मध्ये मुतुम्बा टेकड्या. १८०० मीटरच्या वरचा उघडा गवताळ माथा, ओरिबी नावाचं छोटं हरीण बघायला हीच जागा. उत्तरेला किलाला पठार. झेब्रे, जिराफ, रानम्हशी, टोपी आणि इलँड नावाची मोठी हरणं मोठ्या संख्येने तिथे, कारण गवत तिथे आहे. आणि जिथे हे प्राणी तिथेच सिंहांची शक्यता.

एका दिवसात जाऊन येणाऱ्यांचं सगळ्यात जास्त बिनसतं ते इथेच. किगालीहून सातला निघतात, दहाला गेटवर पोचतात, दुपारच्या उन्हात दक्षिणेच्या झाडीत फिरतात आणि 'काही दिसलं नाही' म्हणत परततात. गेट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघडं असतं. दोन टोकांमध्ये सहा-सात तास सहज जातात. एकच दिवस असेल तर सहाच्या ठोक्याला गेटवर हजर राहा, दक्षिणेत रेंगाळू नका, दुपारी मिहिंदी तळ्यावरच्या कॅफेत जेवण, उतरत्या उन्हात किलाला, आणि न्यूंग्वे गेटने बाहेर. जमत असेल तर एक मुक्काम आतच करा, तोही शक्यतो उत्तरेकडे. माझ्या मते अकागेराला एका दिवसात उरकणं म्हणजे पैसे निम्मे वाया घालवणं.

ताडोबाची सवय असणाऱ्यांसाठी एक फरक: इथे सकाळ-दुपारच्या फेऱ्या नाहीत, जिप्सीची सक्ती नाही. शुल्क भरलं की दिवसभर आपली गाडी, आपला वेग. रस्ता सोडून गवतात गाडी घालायची मात्र नाही, आणि ठरवून दिलेल्या जागांशिवाय खाली उतरायचं नाही.

गाइड घ्यावा का? – हो, घ्यावा

गेटवर आसपासच्या गावांतले प्रशिक्षित गाइड अर्ध्या किंवा पूर्ण दिवसासाठी मिळतात. ते तुमच्याच गाडीत बसतात, म्हणून एक सीट मोकळी ठेवा. सुट्टीच्या दिवशी आधी कळवलेलं बरं. झुडपात उभा बिबट्या किंवा काळा गेंडा नवख्या माणसाला दिसतच नाही. काळा गेंडा पाला ओरबाडून खातो, त्यामुळे दाट झाडीत एकटा राहतो, वरचा ओठ टोकदार. पांढरा चरणारा, रुंद सपाट तोंडाचा, म्हणून उघड्यावर दिसण्याची शक्यता जास्त. गेंडा कुठे पाहिला हे समाजमाध्यमांवर लिहू नका, आणि फोटो टाकण्यापूर्वी फोनमधलं ठिकाण नोंदवणं बंद करा. ही विनंती मनापासून आहे. शिंगासाठी मारणाऱ्यांना माग लागायला एक फोटो पुरतो.

हत्तींबद्दल. इथले हत्ती १९७५ मध्ये बुगेसेरा भागातून आणलेल्या २६ पिल्लांपासून वाढलेले. त्यांतला मुतवारे नावाचा नर गाड्या मोडण्यासाठी देशभर प्रसिद्ध होता. २०१८ मध्ये तो मेला. रस्त्यावर हत्ती आला तर इंजिन चालू ठेवा, मागे जायला जागा मोकळी आहे ना ते आरशात बघा, हॉर्न वाजवू नका. कान पसरून डोकं हलवतोय, पाय पुढे-मागे झुलवतोय, म्हणजे अंतर कमी झालंय. सावकाश मागे घ्या. कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचा हत्ती गेल्यावरही दोन मिनिटं थांबा, मागे राहिलेलं पिल्लू आणि त्याची आई बऱ्याचदा त्यानंतर येते.

त्सेत्से माशी आणि औषधं

ही माशी हलणाऱ्या मोठ्या वस्तूकडे आणि गडद निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते, म्हणून चालत्या गाडीमागे झुंडीने येते. जीन्स आणि काळे टी-शर्ट घरीच ठेवा. खाकी, फिकट तपकिरी, मळकट हिरवा चांगला. पातळ कापडातून चावते, डासांच्या मलमाला फारशी जुमानत नाही. खरा उपाय एकच, झाडीच्या पट्ट्यातून जाताना काचा पूर्ण वर. उघड्या पठारावर त्रास कमी होतो, तिथे काचा उतरवा. झाडांना निळी-काळी फडकी टांगलेली दिसतील. ते माश्यांचे सापळे आहेत, कीटकनाशक लावलेले. हात लावू नका. या माशीमुळे पसरणारा निद्रारोग पर्यटकांना होणं फार दुर्मीळ आहे, पण चावल्या जागी गाठ राहिली किंवा परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास आठवणीने सांगा.

मलेरिया मात्र इथे नेहमीचा. गोळ्या कोणत्या ते डॉक्टर ठरवतील. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवावी लागते. लोक घरी पोचले की बंद करतात आणि तिथेच फसतात.

पीतज्वराची लस भारतात परतण्यासाठी लागते. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्या आणि पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवून बघा. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. वय साठच्या वर असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. केंद्रांवर ठरावीक वारच असतात, म्हणून तिकीट काढलं की पहिलं काम हे.

इहेमा तळ्यावरची बोट आणि पक्षी

इहेमा हे इथलं सगळ्यात मोठं तळं, दक्षिणेच्या गेटपासून जवळ. सकाळी आणि संध्याकाळी बोट जाते, जागा मोजक्या, आगाऊ नोंदवा. पाणघोडे आणि मगरी नक्की. पक्षी बघणाऱ्यांनी सकाळचीच घ्यावी. तेव्हा पाणी शांत असतं, बोट कमी डुलते, आणि मागून ऊन घेऊन काठाचे फोटो मिळतात. उद्यानात पाचशेच्या आसपास पक्षी नोंदले आहेत. पपायरस गोनोलेक हा लाल पोटाचा, पिवळट डोक्याचा पक्षी आधी ऐकू येतो. बोट थांबवून पपायरसच्या कडेला नजर लावली तर एखाद्या क्षणी बाहेर येतो. शूबिल हा प्रचंड चोचीचा पक्षी दलदलीत आहे, पण त्याच्यासाठी अकागेराला येऊ नका, त्यासाठी युगांडातली माबाम्बा दलदल बरी.

विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सूर्य सहाच्या आसपास उगवतो-मावळतो आणि भर्रकन वर चढतो. मऊ उजेड जेमतेम तासभर. ४०० मिमीची लेन्स पुरते. धूळ फार, लेन्स बदलणं गाडी थांबवून, काचा लावून करा. ड्रोन नेऊ नका.

सामान, खाणं, कागदपत्रं

रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे आणि ती खरोखर पाळली जाते. चिवडा, थेपले, दशम्या पिशवीत बांधून नेण्याची सवय इथे नडते. डबे किंवा कापडी पिशव्या वापरा. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीसुद्धा उतरण्याआधी काढून टाका. शाकाहारी जेवण लॉजमध्ये मिळतं, पण आरक्षणाच्या वेळी 'अंडं, मासे, मांस नाही' असं स्पष्ट लिहा. तंबूत राहणार असाल तर खाण्याचा एकही जिन्नस तंबूत ठेवू नका, सगळं बंद गाडीत. बबून चेन उघडतात. प्यायचं पाणी माणशी दिवसाला ३ लिटर धरा, आणि रात्री तंबूबाहेर पडण्याआधी टॉर्च चारी बाजूंना फिरवा. पाणघोडे अंधारात चरायला वर येतात.

भारत राष्ट्रकुलात असल्याने ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क माफ आहे, तरी निघण्यापूर्वी नियम तपासा. युगांडा आणि केनियाही करायचं असेल तर १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा, ९० दिवसांचा. मात्र ज्या देशाने दिला त्याच देशात आधी उतरायचं. उद्यानाचे दर बदलत असतात, अधिकृत संकेतस्थळावरच बघा. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या, काही न लिहिलेल्या ठेवा. रवांडाच्या पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा उद्यानांलगतच्या गावांना जातो, तेव्हा शुल्क महाग वाटलं तरी ते कुठे पोचतं हे लक्षात असू द्या.

मोझांबिकच्या गोरोंगोसाबद्दल थोडं

अकागेरा आवडलं तर पुढचं हे. १९७७ ते १९९२ च्या यादवीत इथले ९० टक्क्यांहून जास्त मोठे प्राणी गेले. २००४ पासून ग्रेग कार या अमेरिकन दानशूर उद्योजकाच्या पुढाकाराने काम सुरू झालं. आज उरेमा तळ्याभोवती वॉटरबक ही हरणंच ५० हजारांच्या वर आहेत; रानकुत्रे २०१८ मध्ये परत आणले. सुळे नसलेल्या हत्तिणी बघायला मिळतात, कारण यादवीत सुळेवाल्या मारल्या गेल्या आणि बिनसुळ्यांच्या जगल्या. यादवी पाहिलेल्या वयस्क हत्तिणी गाडी दिसली की अजून चिडतात, गाइड लांबूनच थांबवेल. जवळ चला म्हणून त्याच्या मागे लागू नका.

पोचायचं बैरापर्यंत विमानाने, तिथून गाडीने चितेंगो छावणीला. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या आसपासपर्यंत पावसामुळे रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हाची तारीख धरू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत बसलेलं असतं, पाणी आटत आलेलं असतं आणि प्राणी तळ्याकाठी गोळा होतात.