सल्ला हवा आहे: आयर्लंडच्या अटलांटिक किनाऱ्याने मोटरहोममधून १८ दिवस

उंबरठ्याबाहेर (धागाकर्ता)

नमस्कार. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे पुण्याहून आम्ही दोघे आणि बर्मिंगहॅमहून माझी धाकटी बहीण व मेहुणे, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरण्याच्या विचारात आहोत. २०१४ पासून ‘वाइल्ड अटलांटिक वे’ या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग दक्षिणेला कॉर्क परगण्यातल्या किन्सेलपासून उत्तरेला डोनेगलमधल्या इनिशोवेन द्वीपकल्पापर्यंत जातो आणि त्याची लांबी सुमारे २,५०० किलोमीटर आहे. जाण्यायेण्याचे दोन दिवस वगळता आमच्या हाती १६ दिवस उरतात, म्हणजे रोजचे साधारण १५५ किलोमीटर. हे अंतर जेमतेम पुणे–कऱ्हाड एवढे असल्यामुळे संपूर्ण मार्ग आरामात होईल असा माझा हिशेब आहे, मात्र मेहुण्यांना तो पटलेला नाही.

मेहुणे आणि मी आलटून पालटून गाडी चालवू. ७.४ मीटर लांबीची सहा जणांची गाडी घ्यावी की सहा मीटरची, चार जणांची? दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे की उलट? आम्हा दोघांकडे ब्रिटनचा पर्यटक व्हिसा असेल, तो चालेल का? आणि समुद्रकाठी कुठेही गाडी लावून फुकट मुक्काम करता येतो असे ऐकले आहे, ते कितपत खरे आहे?

कॉर्ककर

आपल्या मेहुण्यांशी मी सहमत आहे. दहा-बारा वर्षे या भागात राहून आणि तीनदा भाड्याच्या मोटरहोमने हा किनारा तुकड्यातुकड्यांत पाहून सांगतो की येथे किलोमीटर मोजून नियोजन करण्यात अर्थ नाही, तास मोजावेत. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर मोटरहोमचा वेग थांबे धरून ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या वर जात नाही. ग्रामीण स्थानिक रस्त्यांची कमाल वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वरून ६० वर आणलेली आहे आणि प्रत्यक्षात तेवढा वेग गाठण्याची हिंमतही होत नाही, कारण ज्यांना येथे ‘बोरीन’ म्हणतात त्या गावरस्त्यांच्या मधोमध गवत उगवलेले असते.

बेआरा द्वीपकल्पावरचा एक प्रसंग सांगतो. दोन्ही बाजूंना लाल फुलांच्या फ्युशियाचे कुंपण होते, ते इतके जवळ की आरसे आत दुमडूनही फांद्या गाडीच्या अंगावर खरवडत होत्या, आणि वळणावर समोरून गवताचे गठ्ठे लादलेला ट्रॅक्टर आला. त्याच्यामागे ट्रॉली असल्यामुळे मागे जाण्याचा मान आमच्याकडे आला. पत्नी पावसात खाली उतरली, छत्री मिटून तिने तिचीच खुणेची काठी केली, आणि अडीचशे-तीनशे मीटर मागे येऊन एका शेताच्या फाटकाशी आम्ही गाडी टेकवली तेव्हा वीस मिनिटे झाली होती. ट्रॅक्टरवाल्याने स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून आभार मानले आणि तो निघून गेला. आमची गाडी सहा मीटरची होती. ७.४ मीटरची असती तर मी आजही तिथेच असतो. म्हणून सहाची घ्या. मात्र त्या वर्गातल्या गाड्यांना एकूण वजनाची ३,५०० किलोची मर्यादा असते आणि आपण चार प्रौढ आहात, तेव्हा प्रवासी व सामान मिळून किती भार चालेल हे आरक्षणापूर्वीच विचारा. पाण्याची टाकी भरली की १०० लिटरमागे १०० किलो तिथेच जातात.

दिशेबाबत माझे मत ठाम आहे: दक्षिणेकडून उत्तरेकडे. आयर्लंडमध्ये आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे उत्तरेकडे जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि थांब्यांवर गाडी घेताना रस्ता ओलांडावा लागत नाही. शिवाय येथला वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून वाहतो, तो पाठीशी राहतो. मोटरहोम ही मुळात चाकांवरची पेटी आहे आणि उघड्या माळावर समोरून वारा आला की डिझेल किती जाते हे पंपावरच कळते. (पंपावर हिरव्या रंगाचे शेतीचे डिझेलही मिळते, ते रस्त्यावरच्या वाहनात भरणे गुन्हा आहे.)

दिशेच्या या नियमाला केरी परगण्यात मात्र मुरड घालावी लागते. ‘रिंग ऑफ केरी’ या १७९ किलोमीटरच्या वळशावर पर्यटकांच्या बस घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात आणि दक्षिणेकडून येणारा माणूस साहजिकच त्यांच्या अंगावर जातो. माझा सल्ला असा की मोटरहोम किलार्नीच्या कॅम्पसाइटवर ठेवून हा वळसा बसनेच करावा. चौघांनाही खिडकी मिळेल. याउलट, डिंगल द्वीपकल्पावरचा स्ली हेडचा वळसा घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने करायचा असतो. डिंगलला जाताना नकाशा जवळचा रस्ता म्हणून कॉनर पास हा घाट दाखवील, त्याचे ऐकू नका: दोन टनांवरील वाहनांना तिथे बंदी आहे. अनास्कॉलमार्गे जाणारा एन-८६ घ्यावा. गॅप ऑफ डनलो आणि बेआरावरचा हीली पास हेही यादीतून काढून टाका.

केरीतून क्लेअरमध्ये जाताना टार्बर्ट–किलिमर ही फेरी घ्या. शॅनन नदीचे मुख वीस मिनिटांत ओलांडले जाते आणि सव्वाशे किलोमीटरहून अधिक वळसा वाचतो.

फुकट मुक्कामाबद्दल आपण ऐकले ते नॉर्वे-स्वीडनचे असावे. येथे तसा हक्क नाही. अनेक किनाऱ्यांच्या वाहनतळांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई असते आणि कित्येक ठिकाणी प्रवेशावरच दोन मीटर उंचीची कमान असते, तर मोटरहोमची उंची तीन मीटरच्या आसपास. शेतकऱ्याला विचारून त्याच्या जमिनीवर थांबता येते, आणि विचारले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पण विचारावे लागते.

पायीपायी

थोडा विरोधी सूर लावतो. चार पन्नाशीच्या व्यक्तींना सहा मीटरच्या गाडीत सोळा रात्री म्हणजे रोज संध्याकाळी जेवणाच्या मेजाचा पलंग आणि सकाळी पलंगाचे मेज. साधी मोटार घेऊन गावोगावच्या घरगुती निवासांत राहिलात तर रस्ते सोपे जातील आणि सकाळची न्याहारी आयती मिळेल. खर्चातही फार फरक पडेल असे वाटत नाही.

खलबत्ता

पायीपायी यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही, पण पाऊस थांबेपर्यंत स्वतःच्या खिडकीशी चहा घेऊन बसता येणे आणि दुपारी दोन वाजता डोंगरउतारावर आपलाच वरणभात मिळणे यासाठी मी पलंग-मेजाचा खेळ रोज मांडायला तयार आहे. आम्ही चौघांनी दोन वर्षांपूर्वी गॉलवे आणि मेयो परगण्यांत ११ दिवस असे काढले, त्यामुळे गाडीच्या आतल्या गोष्टी सांगते.

कॅम्पसाइटच्या खांबावरून मिळणारी वीज अमर्याद नसते. खांब १० अँपिअरचा असेल तर २,३०० वॉटपुढे खटका पडतो, म्हणजे हीटर चालू असताना दोन किलोवॉटची किटली लावली की अंधार. घरून इंडक्शनची शेगडी नेऊ नका, गाडीतल्या गॅसवरच स्वयंपाक करा आणि तीन लिटरचा कुकर अवश्य न्या. पहिल्या संध्याकाळी आमच्या कुकरची शिट्टी ऐकून शेजारचे वृद्ध जोडपे काही फुटले की काय हे पाहायला आले होते. दुसऱ्या शिट्टीपर्यंत ते आत बसून भात शिजण्याची वाट पाहत होते.

शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी पेटी, दोन दिवसांनी रिकामी करावी लागते आणि हे काम कोणी करायचे ते घरूनच ठरवून निघा. ती रिकामी करण्याची जागा, सांडपाणी सोडण्याची जागा आणि पिण्याच्या पाण्याचा नळ हे तिन्ही कॅम्पसाइटवर वेगवेगळे असतात. आम्हाला गाडीसोबत मिळालेली पाण्याची नळी गळकी निघाली आणि ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी परत करताना ती आमच्याच माथी मारली, म्हणून ताबा घेताना नळी, विजेची तार आणि गॅसची टाकी चालू करून पाहा आणि छताचेसुद्धा फोटो काढा. भाड्याच्या विम्यात छप्पर, काच, टायर आणि गाडीचा तळ अनेकदा धरलेला नसतो.

बाजूचा कापडी मांडव उघडा ठेवून झोपू नका. कोकणातला पाऊस वरून पडतो, मेयोमधला आडवा येतो, आणि त्या वाऱ्याने मांडव रात्रीत पिळवटून निघतो. वारा असेल तेव्हा गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून लावावी. वारा अजिबात पडला तर संध्याकाळी ‘मिज’ नावाची चिलटे येतात, तेव्हा खिडक्यांच्या जाळ्या फाटक्या नाहीत ना हेही ताबा घेतानाच पाहा.

अकिल बेटावर पूल ओलांडून थेट गाडीने जाता येते आणि कील या गावी पुळणीलगतच कॅम्पसाइट आहे. तिथे दोन रात्री काढा. माझ्या मते संपूर्ण मार्गावरचा सर्वांत चांगला मुक्काम तो आहे, अगदी २१४ मीटर उंचीच्या मोहरच्या कड्यांना जमेस धरूनही. त्या कड्यांवर गर्दीत उभे राहून पाहावे लागते.

वायव्येचा वारा

व्हिसाचा प्रश्न राहिला आहे. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसा क्षेत्रात, नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा उपयोगाचा नाही. भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेखाली ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर आयर्लंडमध्येही जाता येते, परंतु व्हिसावर तशी नोंद असली पाहिजे आणि प्रथम प्रवेश ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात, म्हणजे आपल्या बाबतीत ब्रिटनमध्ये, व्हायला हवा. ही नोंद नसेल तर आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागेल. नकाशावर लेटरकेनीहून डेरी अगदी हाकेच्या अंतरावर दिसते आणि सीमेवर कोणी अडवत नाही, पण डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या (युनायटेड किंग्डमच्या) हद्दीत आहे. केवळ आयर्लंडचा व्हिसा असणाऱ्याने ब्रिजेंडहून बंक्रानाकडे वळावे, म्हणजे सीमा न ओलांडता इनिशोवेन गाठता येते.

गाडी बर्मिंगहॅममध्ये भाड्याने घेऊन होलीहेड–डब्लिन बोटीने आणणार असाल तर मालकाची तशी लेखी परवानगी आणि आयर्लंडमध्ये चालणारा विमा हवा. बोटीवर चढताना गॅसच्या टाक्या बंद करायच्या असतात. डब्लिनच्या एम-५० रस्त्याला टोलनाका नाही, कॅमेरे आहेत. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत टोल भरावा लागतो, आणि भाड्याच्या गाडीवाल्यांना हा दंड हमखास बसतो.

डोनेगलबद्दल एवढेच सांगतो की त्याला उरलेसुरले दिवस देऊ नका. स्लीव्ह लीगचे कडे ६०१ मीटर उंच आहेत, मोहरच्या जवळजवळ तिप्पट, आणि हंगामात गाडी खालच्या वाहनतळावर ठेवून वर छोट्या बसने किंवा पायी जायचे असते, ते मोटरहोमवाल्यांच्या पथ्यावरच पडते. जूनच्या सुरुवातीला मॅलिन हेडला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवून भांडी आवरून फिरायला निघता येते. या भागात आयरिश भाषेचे पट्टे आहेत आणि तिथल्या पाट्यांवर गावांची नावे फक्त आयरिशमध्ये असतात: नकाशावर डन्ग्लो असेल तर पाटीवर ‘अन क्लोखान लिआ’. दोन्ही नावे असलेला छापील नकाशा जवळ ठेवा.

उंबरठ्याबाहेर

सर्वांचे मनापासून आभार. सहा मीटरची गाडी आणि दक्षिण-उत्तर दिशा हे नक्की. संपूर्ण मार्गाचा हट्ट सोडतो आहे, पण मधला कोणता भाग गाळावा हे ठरत नाही. तसेच कॉर्कमध्ये भारतीयांनी आवर्जून थांबावे असे एक ठिकाण असल्याचे बहीण म्हणाली.

कॉर्ककर

ते ठिकाण अहाकिस्ता. शीप्स हेड द्वीपकल्पाच्या दक्षिण बाजूला, डरस गावाहून पुढे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने याच किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळले आणि ३२९ जण गेले. पाण्यालगतच्या छोट्याशा बागेत सूर्यघड्याळाच्या रूपात त्यांचे स्मारक आहे आणि गावकरी दरवर्षी त्या दिवशी सकाळी तिथे जमतात. रस्ता अरुंद आहे, गाडी लावायला जागा बेताची आहे, तरीही जा. सकाळी लवकर गेलात तर तिथे आपल्याशिवाय कोणी नसेल.

गाळण्याबाबत: केरीतला बसचा दिवस धरून वेस्ट कॉर्क आणि डिंगलला सहा रात्री, फेरीने क्लेअरमध्ये जाऊन डूलिनला एक, कॉनेमारा आणि अकिलला चार, आणि तिथून उत्तर मेयो व स्लायगो एका दमात ओलांडून डोनेगलला पाच. स्लायगोचे चाहते मला बोल लावतील, पण कशावर तरी काट मारायलाच हवी.

उंबरठ्याबाहेर

हा आराखडा जसाच्या तसा घेतो. व्हिसावरच्या नोंदीची चौकशी सोमवारी करतो. ट्रॅक्टरची हकिगत बहिणीने मेहुण्यांना वाचून दाखवली, त्यानंतर ते दर रविवारी सकाळी एका दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर मित्राची व्हॅन मागे घेण्याचा सराव करत आहेत. छत्री घेऊन मागे बहीण उभी असते.