सेत्सुबुन: सण उरलाय की नुसता सेल?

सैतामाकर: फेब्रुवारी उजाडला की जपानात सेत्सुबुन. वसंत सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, बहुधा ३ तारखेला, भाजलेलं सोयाबीन फेकत ओरडायचं, ‘ओनी वा सोतो, फुकु वा उची’, म्हणजे राक्षस बाहेर, भाग्य घरात. मग वयाइतके दाणे खायचे. इथवर झकास. पण आता दाण्यांऐवजी सीलबंद पाकिटं भिरकावतात! वर दुकानांनी एहोमाकी गळ्यात मारलाय. जाडजूड सुशी रोल, न कापता, त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून, चकार शब्द न काढता संपवायचा. ओसाकाकडची ही पद्धत कन्व्हिनियन्स स्टोअर्सनी १९९८ च्या सुमारास देशभर पसरवली. सणाच्या नावाने धंदा, दुसरं काय!

ओसाकाची सून: आमच्याकडे येऊन बघा एकदा. सासरे राक्षसाचा कागदी मुखवटा लावून दारात उभे. नातू आधी भोकाड पसरतो, मग असा नेम धरतो की आजोबांना चष्मा काढून ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी सोफ्याखालचे दाणे कोण वेचतं? मीच! पाकिटं बरी, उचलून खाता तरी येतात. आणि एहोमाकी सासूबाई लहानपणापासून खातायत, दुकानांचं कौतुक नको.

मूकवाचक: ओसाकातही तो सुशीवाल्यांनीच वाढवला की! १९३२ साली त्यांच्या संघटनेने पत्रकं वाटली होती. पण म्हणून सण खोटा कसा? आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला सराफाच्या जाहिराती बघून पुरणपोळी कुणी टाकून देतं का?

सैतामाकर: पुरणपोळी ट्रक भरभरून कचऱ्यात जात नाही हो. न खपलेल्या एहोमाकीचे फोटो इतके गाजले की २०१९ मध्ये कृषी मंत्रालयाला ‘मागणीपुरतेच बनवा’ असं दुकानदारांना सांगावं लागलं.

शेंगदाणा: होक्काइदोत सालासकट भुईमुगाच्या शेंगा फेकतात. वेचायला सोप्या, सोलून खायच्या. प्लास्टिक नको, भांडण नको. फक्त लहान मुलांना दाणे देऊ नका, घशात अडकतात. पाच वर्षांपर्यंतच्यांना देऊच नका असं इथलं सरकारही बजावतं.

मूकवाचक: नारितासानच्या देवळात तर ‘ओनी वा सोतो’ म्हणतच नाहीत. तिथल्या फुदो म्योओ या देवापुढे राक्षसही सुधारतात म्हणे. दाणे उधळायला सुमो पैलवान येतात, बघायला ही गर्दी! सैतामाकर, तुम्हाला हाही धंदाच वाटणार.

सैतामाकर: पैलवान चालतील. रोलची सक्ती नको.

ओसाकाची सून: सक्ती कसली? घरी वळा. काकडी, अंडं, शिताके मशरूम घाला, दुकानात पाऊल टाकायला नको. खाताना गप्प बसायचंय, तेवढं जमेल ना?