मदत हवी आहे : मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना आईची दाढ वाचवावी की काढावी?

नमस्कार.

आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. माझ्या आईचे वय ६१ असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाल्यापासून तिला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रोज घ्यावे लागते. नुकत्याच केलेल्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ८.४ आला, म्हणजे साखर नियंत्रणात नाही. तिची खालची उजवी दाढ ठणकते आहे. रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, आणि चहाचा गरम घोट त्या बाजूला गेला की ती गाल दाबून बसते.

सांगलीतील एका दंतवैद्यांनी एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर सावली दाखवून रूट कॅनाल करावे व वर कॅप बसवावी असे सांगितले, तर दुसऱ्या दवाखान्यात दाढ काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात) बसवण्याचा सल्ला मिळाला. मावशीचे म्हणणे, ‘या वयात दातावर खर्च कशाला, काढून टाक एकदाची.’ शेजारच्या काकांनी तर दाढ काढायची असेल तर पाच दिवस आधीपासून रक्ताच्या गोळ्या बंद ठेवायला आईला सांगून ठेवले आहे. तिने अजून त्या बंद केलेल्या नाहीत. आईला लहानपणापासून मिश्रीची सवय आहे आणि मिश्री लावली की ठणका बसतो, असे ती ठामपणे सांगते. सध्या मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळीवर दिवस काढणे चालू आहे. द्राक्षांची छाटणी तोंडावर आल्यामुळे सांगलीला वारंवार खेपा घालणे आम्हाला कठीण आहे, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : मिरजेचा दंतवैद्य

सर्वांत आधी गोळ्यांविषयी. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (अँजिओप्लास्टीत बसवतात ती बारीक जाळीची नळी) असलेल्या रुग्णाने या गोळ्या स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नयेत. एखादी दाढ काढल्यावर होणारा रक्तस्राव कापसाच्या बोळ्याचा दाब, टाके आणि जखमेत ठेवायची औषधे यांनी बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतो. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मात्र जिवावर बेतते. काही बदल करायचाच असेल तर तो हृदयरोगतज्ज्ञांनी सांगावा. रूट कॅनालमध्ये रक्तस्राव फारच थोडा होतो, हा आपल्या आईच्या बाबतीत त्या उपचाराच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. मेडिकलमधून आणलेल्या गोळीचे नावही तपासा. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे अ‍ॅस्पिरिनबरोबर घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडांवरही ताण येतो. यकृताचा आजार नसेल तर ठरलेल्या मात्रेतील पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित असते, तरीही डॉक्टरांना विचारूनच द्या.

मुळाशी दिसणाऱ्या काळ्या सावलीचा अर्थ दाढ गेली असा होत नाही. दातातील नस मरू लागली की जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो आणि तेथील हाड विरळ होते. रूट कॅनालमध्ये मुळांतील पोकळ्या नीट स्वच्छ करून बंद केल्या तर ते हाड पुढील काही महिन्यांत पुन्हा भरत जाते, आणि म्हणूनच सहा महिन्यांनी व वर्षाने पुन्हा एक्स-रे काढायचा असतो. नुसत्या अँटिबायोटिकने हा संसर्ग जात नाही, कारण मेलेल्या नसेत रक्तप्रवाहच नसल्याने औषध तेथे पोहोचत नाही. सूज उतरते, कारण मात्र आतच राहते.

दाढ वाचवावी की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते : हिरडीच्या वर दाताचा भक्कम भाग किती उरला आहे, मुळाला उभी चीर गेली आहे का, आणि भोवतालच्या हाडाचा आधार किती आहे. दोन्ही डॉक्टरांना हेच तीन प्रश्न विचारा आणि एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा. चीर असेल किंवा दाढ चांगलीच हलत असेल तर ती काढणेच योग्य. तसे नसताना थेट इम्प्लांट सुचवले जात असेल, तर माझ्या मते घाई होते आहे. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पक्का बसायला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात, आणि साखर नियंत्रणात नसताना व तंबाखू चालू असताना तो निकामी होण्याचा धोका वाढतो. याउलट संसर्ग काढण्यासाठी ‘आधी साखर उतरू द्या’ म्हणून महिनोन्महिने थांबणेही चुकीचे आहे, कारण हा संसर्गच साखर चढवतो.

उपचाराच्या दिवशी आईंना उपाशी नेऊ नका. नेहमीची न्याहारी आणि मधुमेहाची गोळी घेऊन सकाळची वेळ ठेवा. गालाची किंवा हनुवटीखालची सूज वाढू लागली, तोंड उघडेना, गिळताना त्रास होऊ लागला किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

प्रतिसाद : कराडची वाचक

माझ्या सासूबाईही आयुष्यभर मिश्री लावत. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, त्यामुळे ती लावल्यावर बरे वाटते ते निकोटिनमुळे. शिवाय निकोटिनने हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसत असल्याने हिरड्या रोगट असूनही रक्त येत नाही आणि घरच्यांना सर्व ठीक आहे असे वाटत राहते. आईंच्या गालाच्या आतला भाग आणि ओठामागची खाच डॉक्टरांकडून मुद्दाम तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात, ही आमच्याकडेही समजूत होती. प्रत्यक्षात किटण निघाल्यावर सुजलेली हिरडी आकसते आणि आधीच सैल झालेले दात जाणवू लागतात. मिश्रीच्या जागी फ्लोराइड असलेली पेस्ट आणि मऊ ब्रश द्यावा, एवढे सांगणे सोपे आहे. सासूबाईंना शौचाला जाण्यापूर्वीची मिश्री सोडणे सर्वांत जड गेले.

खर्चाचा प्रश्न असेल तर तासगाव रस्त्यावरच कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे आणि सांगलीत भारती विद्यापीठाचेही दंत महाविद्यालय आहे. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी एकही गोळी बंद करायची नाही असे स्पष्ट सांगितले. पहिल्या दंतवैद्यांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे एक्स-रे समोर धरून दिली : चीर दिसत नाही, हाडाचा आधार चांगला आहे, मात्र आतल्या बाजूची भिंत पातळ झाली आहे. रूट कॅनाल करण्याचे आम्ही ठरवले आहे. ते दोन बैठकांत होईल. कॅप मात्र छाटणी आटोपल्यावर, दोन-अडीच महिन्यांनी बसवली तर चालेल का?

प्रतिसाद : मिरजेचा दंतवैद्य

इतके लांबवू नका. ठणका थांबला की रुग्ण परत येत नाहीत, आणि मग सिमेंट झिजून लाळ आत शिरते किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावताना दाढ उभी फुटते. तशी फुटलेली दाढ सहसा काढावीच लागते. आपल्याकडे तर एक भिंत आधीच पातळ आहे. दुसऱ्या बैठकीतच तात्पुरत्या सिमेंटऐवजी पक्के फिलिंग करून चावण्याची उंची थोडी कमी करून घ्या आणि दोन-तीन आठवड्यांत कॅपचे माप द्या. माप देण्यासाठी एक आणि कॅप बसवण्यासाठी एक, अशा दोनच खेपा होतील. तोवर आईंनी डाव्या बाजूने चावावे. एवढ्या मागच्या दाढेला रंगाचा आग्रह नसेल तर संपूर्ण धातूची कॅपही विचारात घ्या. ती टिकाऊ असते आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते.