रिपीटचं ठरवण्याआधी नीटची ओएमआर उत्तरपत्रिका उघडा

"नीटला ४५० आले तर लातूरला एक वर्ष रिपीट करा, सरकारी सीट पक्की" असा सल्ला अनेकदा ऐकू येतो, तो अर्धाच पटतो. परीक्षा घेणारी संस्था एनटीए उत्तरतालिकेसोबत ओएमआरची प्रत आणि नोंदवलेली उत्तरं दाखवते. लिंक थोडेच दिवस चालते, म्हणून लगेच उतरवून घ्या. मग विषयवार बरोबर, चूक, सोडलेले मोजा. ११४ बरोबर, ६ चूक, ६० सोडलेले, याचे ४५० होतात; १२६ बरोबर आणि ५४ चूक, याचेही ४५०च! पहिल्याचा अभ्यासक्रम किंवा वेग कमी पडलाय, त्याला वर्ष द्यायला हरकत नाही. दुसऱ्यानं १८० च्या १८० सोडवले, पण पाया कच्चा आहे. अकरावीपासून पुन्हा बसायची तयारी नसेल तर त्याच बॅचमध्ये त्याच नोट्स घोकून मार्क तिथंच राहतात, वर्ष मात्र जातं. त्यानं बीएएमएस, फार्मसीचा विचार आत्ताच करावा.

आणि तुलना मार्कांची नको, राज्य गुणवत्ता क्रमांकाची करा. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारे अनेक होते, २०२५ ला देशात पहिल्याला ६८६ होते. अंबाजोगाई-नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांचे २०२० आधीचे कटऑफ तर बघूच नका, ते ७०:३० कोट्याच्या (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) काळातले आहेत.